अक्कांची कायशुद्धी

पद्माक्का मगदूम यांनी मला खोली दिली ती एका अटीवर.

"मास्तर, अंडंसुदीक चालायचं न्हाई. लयच वासना झाली तर इस्लामपूरला जावा, खावा, आन् तोंड तितंच धुऊन या. माझ्या नळाला न्हाई."

मी माण तालुक्यातला. बाप मेंढरं राखायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो, कारण ते मला फुकट मिळालेलं नाही. सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या या ऊसकऱ्यांच्या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा माझं आडनाव ऐकून एकदोघांनी "खोली कालच गेली बघा" असं सांगितलं होतं. अक्कांनी आडनाव विचारलंच नाही. मी काय खातो तेवढं विचारलं आणि किल्ली हातावर ठेवली.

ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चालताना जरा डावीकडं झुकणाऱ्या. नवरा फार लवकर गेलेला. ऊस स्वतः बघायच्या, फडात उभ्या राहून तोडकऱ्यांशी वाद घालायच्या, आणि घरी आल्या की नळाच्या तोंडाला बांधलेलं जाड पांढरं फडकं सोडून, धुऊन पुन्हा बांधायच्या. गाळलेलं पाणी तेवढंच प्यायचं, हा जैनांचा नेम. पण अक्का एक पाऊल पुढं. फडकं धुतलेलं तांब्याभर पाणी विहिरीत परत नेऊन सोडायच्या. त्यातला जीव त्याच्या घरी गेला पाहिजे म्हणून.

मी एकदा शहाणपणा केला. म्हणालो, "अक्का, या फडक्यातनं जिवाणू आरपार जातात. शाळेत या, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो."

"जाऊ द्यात की. दिसतंय तेवडं मी सांभाळते. न दिसणारं तुमी सांभाळा, तुमाला त्याचा पगार हाय." आणि वर, "तुमच्या माणात मुळात पाणीच न्हाई. गाळताय काय, माती?"

त्यांच्या जिभेला असं हाड नव्हतं. पण गावात त्यांचा दबदबा होता तो जिभेमुळं नव्हे, चौक्यामुळं. दिगंबर मुनी चातुर्मासाला गावात मुक्कामाला असले की त्यांच्या आहारासाठी घराघरात सोवळ्यानं स्वयंपाक होतो, तो चौका. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत जेवतात. सकाळी ते मंदिरातून निघतात, उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवून, न बोलता. मनात एखादा विधी धरलेला असतो: अमुक दिसलं तरच थांबायचं. दारात जोडपं असेल, नारळ असेल, काहीही असेल. ते कुणाला माहीत नसतं. दारोदारी माणसं कलश घेऊन उभी राहून बोलावतात. विधी जुळला तर महाराज थांबतात, नाही जुळला तर पुढं जातात, आणि कुठंच नाही जुळला तर त्या दिवशी उपाशी राहतात. थांबले की घरच्यांनी प्रदक्षिणा घालायची आणि मोठ्यानं म्हणायचं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. मग महाराज उंबरा ओलांडतात.

हे सगळं मी माझ्या खोलीच्या पायरीवरून बघायचो. आत जायचा मला अधिकार नव्हता आणि अक्कांनी तो कधी खोट्या मायेनं देऊही केला नाही. मला ते आवडायचं.

एका वर्षी गावच्या सोसायटीच्या चेअरमनची बायको अक्कांच्या चौक्यात मदतीला आली. रेशमी पातळ, ओले केस, सगळं नेमानं. अक्कांनी तिचा हात धरला. बोटाला विळीवर कापलेलं, त्यावर चिंधी.

"ह्ये काय?"

"काय न्हाई अक्का, जरासं. वाळलंय."

"वाळलं आसंल. पर दारात उभं ऱ्हाऊन कायशुद्धी म्हणायचं तुमाला. तोंड वर करून म्हणशिला?"

बाई रडत घरी गेली. चेअरमननं वर्षभर अक्कांच्या उसाला तोड मिळू दिली नाही, उशिरा वाळलेला ऊस गेला. अक्का म्हणाल्या, "वजन घटलं, तोंड न्हाई घटलं."

आणि त्याच अक्का एका चातुर्मासात अचानक दारात उभ्या राहिनाशा झाल्या. चौका मांडायच्या, पुतण्याची बायको सुनंदा हिला पुढं करायच्या, आणि स्वतः मागं परड्यात जाऊन बसायच्या. गाव म्हणालं, अक्का आता स्वतःला महाराजांपेक्षा मोठ्या समजायला लागल्या. पर्युषणात त्यांनी उपास धरले, दिवसाआड, मग सलग. अंग उतरलं. बायका पाया पडायला यायच्या, काय तप आहे म्हणून. वजन कशानं उतरतंय हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं. शौचाला रक्त जात होतं. अक्कांनी ते मूळव्याध ठरवलं, आणि ज्या अंगातून रक्त जातं ते अंग चौक्याबाहेर ठेवलं. औषध म्हणून उपास, प्रायश्चित्त म्हणूनही उपास.

उन्हाळ्याच्या तोंडाला परड्यात चक्कर येऊन पडल्या तेव्हा सुनंदा मला बोलवायला धावत आली. सांगलीला नेलं. नळी घालून तपासलं. गुदाशयाचा कॅन्सर. लवकरचा, लहान गाठ, बाहेर कुठं पसरलेली नाही. मला वाटलं सुटलो. पण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ अगदी खाली, गुदद्वाराला चिकटून. कापायची तर तो सगळा भाग जाणार, आणि शौचाची वाट पोटावर काढून तिथं कायमची पिशवी लावावी लागणार.

अक्कांची लेक राजश्री पोटुशी असूनही साताऱ्याहून आली होती. ती म्हणाली, "आई, जीव वाचतोय. पिशवीचं काय एवढं?"

अक्का चित्राकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "पिशवी लावून दारात मी काय म्हणू?"

त्या खोलीत तो प्रश्न कळलेली माणसं आम्ही दोघंच, राजश्री आणि मी. डॉक्टर म्हणाले, "दारात कशाला उभं राहायचं आजी, आराम करायचा."

राजश्रीनं हार मानली नाही. साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलात नवी पद्धत सुरू झालीय असं तिनं शोधून काढलं. आधी थोडे दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि त्याला जोडून इम्युनोथेरपीची इंजेक्शनं, सलाइनमधून. गाठ पूर्ण विरघळली तर कापायचंच नाही, फक्त पुन्हा पुन्हा तपासत राहायचं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मला त्यांचं बोलणं आवडलं. त्या म्हणाल्या, "आजी, आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. गाठ त्यांना चकवते, बांधून ठेवते. लाईटनं गाठीच्या पेशी फुटतात, मग राखणदाराला चोर ओळखू येतो. आणि इंजेक्शननं त्याचा दोर सोडायचा."

"म्हंजे घरचं कुत्रं बांदून पडलंय, ते सोडायचं."

"अगदी तसंच."

"सुटलेलं कुत्रं घरच्यालाबी चावतं की, बाई."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो. चावतं. म्हणून जुलाब, खाज, धाप, काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा. दुसऱ्या दिवशी नाही."

उन्हाळ्याची सुटी होती. राजश्रीला बाळंत होऊन थोडेच दिवस झालेले, जावई औद्योगिक वसाहतीत कामाला. मी साताऱ्याला सोबत गेलो. पाच दिवस लाईट. त्याचा एक नियम होता. मशीनवर झोपताना लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे आतडी वर सरकतात आणि त्यांना लाईट लागत नाही. पहिल्या दिवशी दुपारची वेळ दिलेली. अक्का पाणी पिऊन तयार. पण सकाळी मशीन बंद पडलेलं, रांग मागं गेली, अक्कांना धरवेना, त्या जाऊन आल्या. नंबर लागला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तिथल्या पोरानं तपासलं. पिशवी रिकामी.

"आजी, पाणी प्या दोन-तीन ग्लास आणि बसा जरा."

"दिवस मावळला."

"मग?"

"मग न्हाई."

सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही, हा अक्कांचा लहानपणापासूनचा नेम. मी म्हणालो, "अक्का, हे औषध समजा."

"औषद गोळी असती मास्तर. पाणी पाणीच असतं."

पोरगा वैतागला. "आजी, मशीनला सूर्य कळत नाही हो."

"त्येला नसंल कळत. मला कळतो."

तो दिवस वाया गेला. राजश्री फोनवर रडली, मी चिडलो, बोलू नये ते बोललो. दुसऱ्या दिवशीही रांग तशीच रखडली. पण अक्का दिवस कलायच्या आत पोटभर पाणी पिऊन बाकावर मांडी घालून बसल्या, डोळे मिटून, णमोकार मंत्र म्हणत. तास गेला, दिवे लागले, कपाळावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले, पण उठल्या नाहीत. शेजारी एक रिटायर हवालदार होते, त्यांनाही हाच आजार, हाच उपचार. ते म्हणाले, "आक्का, बॉर्डरवर आमी असंच धरून बसायचो बघा."

डोळे न उघडता अक्का म्हणाल्या, "तुमाला त्येची पेन्शन हाय."

मशीनवरून उतरून आल्या तेव्हा चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन. उरलेले दिवस तसेच काढले.

पुढं इंजेक्शनं. दर थोड्या आठवड्यांनी सातारा. आषाढात गावात महाराज आले. अक्का रोज विचारायच्या, पण स्वतःला: आज रक्त दिसलं का? लाईटनंतर रक्त काही दिवस वाढतं म्हणून सांगितलेलं, ते वाढलं, मग कमी झालं, श्रावणात थांबलं. तपासणी झाली. गाठ विरघळली होती. सगळी नाही. एका कडेला नखाएवढी जागा उरली होती. "कधी कधी तेवढी उशिरा जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबू, अजून इंजेक्शनं देऊ." त्याच दिवशी हवालदार पेढे वाटत होते. त्यांची गाठ पूर्ण गेली होती, शोधून सापडत नव्हती. अक्कांनी पेढा कपाळाला लावून माझ्या हातात दिला, कारण बाहेरचं त्या खात नसत. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "तेच औषद. तीच मशीन. तेनं माज्यापेक्षा काय येगळं केलं आसंल?" मी विज्ञानाचा मास्तर, हातातला पेढा कागदात गुंडाळत बसलो.

रक्त थांबलेलं होतं, अंगावर जखम नव्हती. दुसऱ्या दिवसापासून अक्का दारात उभ्या राहू लागल्या. ओल्या केसांनी, पांढऱ्या पातळात, कलशावर नारळ ठेवून. आवाज खणखणीत. "हे स्वामी नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु!" महाराज गल्लीत यायचे, अक्कांच्या दारावरून नजर जायची आणि पाऊल पुढं पडायचं. विधी जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशी अक्का दोन हातांत दोन श्रीफळं घेऊन उभ्या राहिल्या. मग सुनंदाच्या पोरीला शेजारी घेऊन. मग केळीचा घड घेऊन. महाराज पुढं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "आक्का, आज ऊस घिऊन उबं ऱ्हावा, तुमचा ऊस कोण सोडतंय!" अक्का हसायच्या, पण आत आल्या की सोप्यावर भिंतीला टेकून बराच वेळ बसायच्या.

"मास्तर," एकदा म्हणाल्या, "माजं अंग सध्या उसनं हाय. किती दिवस मिळालंय कुणाला ठावं. तेवड्यात एकदा थांबाया पायजेत."

भाद्रपदात पर्युषण आलं. अक्का पुन्हा उपास करायला लागल्या. मी विरोध केला, ऐकतंय कोण. आणि एका सकाळी परड्यात त्यांचं सारखं जाणं-येणं माझ्या ध्यानात आलं. सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, कालपासनं जुलाब आहेत, अक्का म्हणतात उपासानं पोट साफ होतंय, कुणाला सांगू नको.

मी सरळ परड्यात गेलो.

"अक्का, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"चार दिस थांबा मास्तर. पर्व सपू द्या. खुशाल फोन करा मग."

"आज करतो."

"म्या दारात उबी हाय अजून. तुमाला दिसतंय न्हवं? आत्ता न्हेलं तर चातुर्मास सपला माजा."

मी तिथंच, त्यांच्यासमोर राजश्रीला फोन लावला. अक्का म्हणाल्या, "तुमाला खोली दिली व्हती भाड्यानं. माज्या घरात तोंड घालायचं भाडं न्हवतं घेतलं." त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

साताऱ्यात निदान झालं: सोडलेला राखणदार आतड्यावरच उलटला होता. आतडं सुजलं होतं. इंजेक्शन बंद, कायमचं. सूज उतरवायला स्टेरॉइड सुरू. त्यानं चेहरा सुजला, हात थरथरू लागले. सूज उतरता उतरता दिवाळी जवळ आली, आणि पुन्हा तपासलं तर ती नखाएवढी जागा वाढलेली. आता ऑपरेशन. पिशवी.

ज्या बाईनं चेअरमनपुढं मान वाकवली नाही तिला मी त्या दिवशी हात जोडताना बघितलं.

"पुन्ना लाईट द्या बाई. म्या पानी प्यायला कुरकूर करायची न्हाई. दिवस मावळल्यावरबी पिते."

"त्या जागेला पुन्हा इतकी लाईट देता येत नाही, आजी."

"मग ते इंजेक्शन? अर्दं द्या. थोडं."

"आतडं फाटेल."

"फाटू द्या की."

डॉक्टरीणबाईंनी अक्कांचे हात हातात घेतले. दिवस मावळल्यावर पाणी पिते, हे वाक्य अक्कांच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हाच मला कळलं होतं की आता त्यांच्याकडं द्यायला दुसरं काही उरलेलं नाही.

गावी आल्यावर सुनंदानं सुचवलं, "महाराजांनाच इचारू की. पिशवी लावून चालतंय का."

"इचारलं तर दया येऊन व्हय म्हनतील," अक्का म्हणाल्या. "मला दया नगं."

ऑपरेशन झालं ते साताऱ्याला. औषधांनी खंगलेलं अंग, जखम आतून भरली नाही, ताप हटला नाही. अक्का परत आल्या नाहीत. ते सगळं राजश्रीनं बघितलं, मी नाही, म्हणून मी ते लिहीत नाही. मी बघितलं ते त्यांच्या निघायच्या दिवसाचं.

गाडी दारात होती. सामानाच्या पिशव्या भरलेल्या. राजश्री बाळाला नवऱ्याकडं ठेवून न्यायला आलेली. अक्का पहाटेच न्हाल्या होत्या आणि कलश घेऊन दारात उभ्या होत्या. सुजलेला चेहरा, थरथरते हात, नारळ कलशावर हलत होता. "ह्ये अंग आजच्या दिवस सगळं माजं हाय," एवढं त्या सुनंदाला म्हणाल्या. मी माझ्या पायरीवर.

महाराज गल्लीच्या तोंडाशी आले. पाटलांचं दार ओलांडलं. उपाध्यांचं ओलांडलं. अक्कांचा आवाज फाटका झाला होता. "हे स्वामी नमोस्तु, नमोस्तु..."

महाराज थांबले.

त्यांच्या विधीत काय होतं ते आजही कुणाला माहीत नाही. सुनंदाच्या तोंडून हुंदका फुटला. अक्कांनी कलश सांभाळत प्रदक्षिणा घातल्या, सुनंदा आणि राजश्री मागून. मग त्या समोर उभ्या राहिल्या, मान वर केली.

"मनशुद्धी. वचनशुद्धी."

आणि थांबल्या.

राजश्री मागून कुजबुजली, "आई, म्हण की. कायशुद्धी म्हण."

अक्कांचे ओठ हलत होते. महाराज वाट बघत होते, खांद्यावरची बोटं तशीच. फार वेळ, असं मला वाटलं. अक्कांनी कलश खाली घेतला आणि हात जोडून बाजूला झाल्या. महाराजांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, आणि पुढं निघाले.

राजश्री रडत, चिडत आत गेली आणि पिशव्या गाडीत टाकू लागली. मी अक्कांना हात धरून गाडीपाशी नेलं. पर्युषणानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या.

"सकाळी परत दिसलं, मास्तर. पातळाला न्हाई लागलं. कुणाला कळलं नसतं."

मी त्यांना आत बसवलं. दार लावलं. गाडी सुरू झाली, तशी अक्कांनी काच खाली करायला लावली आणि मान बाहेर काढून गल्लीच्या टोकाकडं बघू लागल्या. तिथं वळणावर माणसं गोळा झालेली.

"बगा वो जरा, थांबलं का कुटं? माज्यापायी उपाशी न्हाई न्हवं जायाचं ते?"

मी धावत टोकाला जाऊन बघून आलो. "थांबले, अक्का. चौगुल्यांच्यात. आत गेले."

"गेले न्हवं?"

"गेले."

"मग झालं," अक्का म्हणाल्या, आणि काच वर करून घेतली.